डोक्यावरची रेघ शेवटी

अमरावती, ता. ४ जुलै १९३४

रा. महादेवराव पेंटर यांस नमस्कार.

अकोल्यात तुमच्या नावाचा कागद पोचतो असं इथे लोक म्हणतात, म्हणून धीर करून लिहितो. ओळख पटते का पाहा. अंजनगावच्या शाळेत तुमच्या शेजारी बसणारा, खोड्या तुमच्या आणि छड्या दोघांना, तोच मी हरिहर.

मधली वर्षं गोपाळकृष्णपंत वकिलांच्या माडीवर गेली. मी त्यांचा मुनशी होतो. त्यांनी बोलायचं, मी मोडीत लिहायचं. पंत म्हणायचे, "हरिहर, तू लेखणी उचलतोस तरी कधी रे?" पंत गेल्या माघात वारले. चिरंजीवांनी नागपूरहून टंकयंत्र आणलं आणि ते बडवायला एक तरुणही आणला. मला म्हणाले, "काका, तुम्ही आता विश्रांती घ्या." हा शब्द मी दुसऱ्यांच्या पत्रांत पुष्कळदा लिहिला होता. तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

आता आमचे मेहुणे चिंतामणराव अचलपूरला बोलावतात. ओसरीलगतची खोली रिकामी आहे, पूजाअर्चा पाहा, दोन घास सुखाने खा, दिवाळीला गाडी पाठवतो, असं त्यांचं पत्र आहे. माणूस मनाने चांगला आहे, तीच अडचण आहे. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. माझी बायको रमा, तिने जास्तीची भांडी एका बाजूला लावायला घेतली आहेत.

परवा बाजारात एका दुकानावरची पाटी पाहिली. अक्षर असं की उन्हात उभा राहिलो. कुणाचं, म्हणून विचारलं, तर तुमचं नाव निघालं. तेव्हापासून मनात आहे ते विचारतो. बावन्नाव्या वर्षी कुंचला धरता येईल का? अक्षर मला येतं. ते फक्त मोठं काढायचं आहे. पत्रांतून शिकवाल का?

तुमचा
हरिहर


अकोला, ता. १२ जुलै

हरी,

राम राम. हे "तुमी" अन् "रा. महादेवराव यांस" कोणाले लिवलं बावा? मी मांगं वळून पाह्यलं, दुसरं कोणी उभं हाय का म्हणून. पुन्हा तुमी म्हटलंस तर पत्र न वाचता वापस करीन.

अक्षर पाहून चमकला असशीन. हे माह्यं अक्षर नोहे. मी बोलून राहिलो अन् जमुना लिहून राहिली. दिवसभर कुंचला धरल्यावर संध्याकाळी टाक धरवत नाई. बायको चौथी पास हाय, म्हणून घरातच मुनशी ठेवला. (चौथीत मी पहिली आले होते, हे मात्र सांगत नाहीत. – जमुना)

पाह्यलंस? मी बोललो नाई ते पण लिवते.

आता तुह्यी गोष्ट. तू म्हणते अक्षर मले येते, फक्त मोठं करायचं. म्हणजे मले नाल्यातून चालता येते, फक्त पुरातून चालायचं, असं झालं. पण शिकवतो. मले तरी कोणी शिकवलं? नाटकवाल्याचे पडदे धुता धुता मी पाह्यलं अन् उचललं. शिकवणारा असता तर दहा वर्ष वाचले असते.

ऐक. अक्षर काढायचं नाई. जुने पेपर भिंतीले ठोक, गेरू पाण्यात कालव, अन् उभ्या उभ्या रेघा ओढ. नुसत्या उभ्या. बसून नाई, उभं राहून. बोर्ड काही मांडीवर घेऊन लिवता येत नाई. एका काठीच्या टोकाले चिंधीचा गोळा बांध, तो भिंतीले टेकव, अन् त्या काठीवर मनगट ठेव. कुंचला लेखणीसारखा आवळू नोको. चिमणीचं पिल्लू धरतो तसा धर, उडालं नाई पाह्यजे अन् मेलंही नाई पाह्यजे. कुंचल्याचं टोक काढायचं ते फडक्यानं. फडक्यानंच, समजलं?

दिवाळीच्या आंगंमांगं कापसाचा मोसम लागते. अडतवाले, जिनवाले, सारे नवे बोर्ड मांगतात. तवापर्यंत तुह्यं अक्षर उभं राह्यलं तर माह्याकडे काम हाय, खोटं नाई सांगत. नाई राह्यलं, तर अचलपूरची खोली हायच.

महादेव


अमरावती, ता. ५ ऑगस्ट

प्रिय महादेव,

'तुम्ही' सोडलं. 'तू' म्हणायला जीभ दोन दिवस अडली, पण तुझी दहशत मोठी.

रेघा ओढल्या. भिंत गेरूने माखली, धोतर माखलं, तुळशीचा कट्टाही सुटला नाही. रमा म्हणाली, "लग्नघर वाटतंय, फक्त नवरी कुठे दिसत नाही." खांदा असा भरून येतो की जेवताना घास तोंडापर्यंत नेणं हेच काम होऊन बसतं. मांडी घालून लिहिणाऱ्या माणसाला पाय असतात हे मी विसरलो होतो, ते आता रोज संध्याकाळी आठवण करून देतात.

तुझी आज्ञा मोडून एक गुन्हा केला. रेघांचा कंटाळा आला म्हणून "सरकी व कापूस" एवढी अक्षरं काढली. सोबत ते कागद गुंडाळून पाठवले आहेत. माझ्या डोळ्यांना बरी दिसतात. रमेला दाखवली. ती म्हणाली, "वाचता येतं." ही स्तुती होती की नाही ते मी विचारलं नाही.

एक मागणं आहे. तुझ्या हातचा कित्ता पाठव. एकच अक्षर पुरे, 'क' पाठव. पंतोजी पाटीवर पहिलं अक्षर काढून देत आणि आपण ते गिरवत असू. तसं समोर असलं म्हणजे कुठे चुकतो ते कळेल. हवेत गिरवतो आहे असं वाटतं.

चिंतामणरावांचं दुसरं पत्र आलं. खोलीला चुना लावून घेतला आहे म्हणतात.

तुझा
हरिहर


अकोला, ता. १४ ऑगस्ट

हरी,

तुह्ये कागद भेटले. दुकानात भिंतीले लावले अन् समोर बसून पाह्यले. मंग जमुनेले बोलावलं. तिनं पाह्यलं अन् हासली. (मी हसले नाही. यांनीच हसवलं. – जमुना)

पह्यले आडवी रेघ ओढली ना तू? या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लंबी रेघ, अन् मंग तिले खाली एकेक अक्षर टांगलं. मी पाह्यलेलं नाई, तरी सांगून राहिलो. हे तुह्यं मोडी हाय. मुनशी लोक पह्यले कागदभर रेघा मारून घेतात अन् मंग लिवत सुटतात. कागदावर चालते. पण भिंतीवर पाह्य कसं दिसते, धोतरं वाळत घातल्यावानी. 'सरकी', 'व', 'कापूस', सारे एकाच दांडीवर. रस्त्यानं बैलगाडीतून जाणारा माणूस कुठं थांबन अन् कुठून धरन?

अक्षर जमिनीवर उभं राहते, हरी. पह्यले खडू फासलेल्या दोरीनं खालची रेघ मार. तिच्यावर दांडी उभी कर, मंग तिचं पोट काढ, शेपटी काढ. शब्द पुरा झाला, की डोक्यावरची रेघ. शेवटी. तेवढ्या शब्दापुरती. बाई घराबाहेर निघते तवा पदर शेवटी घेते ना? तसं.

अन् दर फटक्याले कुंचला उचल. तुह्या हाताले उचलायची भीती वाटते. तीस वर्ष न उचलता लिवलं, म्हणून उचलला तर कोणी हाकलून देईन असं वाटते त्याले. आता हाकललंच हाय, मंग भीती कायची?

कित्ता मिळणार नाई. कित्ता पाहून शिकशीन तर माह्यं अक्षर शिकशीन, अन् माह्यं अक्षर अकोल्यात एक हाय तेवढं पुरे. तुह्या कागदावर मी चुका सांगतो, हाच कित्ता समज.

महादेव


अमरावती, ता. २० सप्टेंबर

महादेव,

उत्तराला उशीर झाला. रागावलो होतो. राग लिहून दाखवण्याची मला सवय नाही, आजवर दुसऱ्यांचेच राग लिहिले.

महिनाभर तू सांगितलंस तसं केलं. खालची रेघ, दांडी, पोट, शेपटी, डोक्यावरची रेघ शेवटी. प्रत्येक फटक्याला कुंचला उचलतो. पहिले काही दिवस माझा हात मला दुसऱ्या कुणाचा वाटला. आता अक्षर उभं राहतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी नाही. पण एक अक्षर पाठव म्हटलं तर तू वळसे घालतोस. तुझी विद्या पळवून मी अमरावतीत दुकान काढीन असं वाटलं का? आपण एका मास्तरचा मार खाल्ला म्हणून मागितलं होतं. परक्याकडे मागितलं नसतं.

आणि दुसरं. पंधरवड्यापूर्वी खोलापुरी दरवाजाजवळ एक रंगारी पाटी लिहीत होता. दुपारभर उभा राहून पाहिलं. तो काय करतो, तर दर दोन-तीन फटक्यांनी कुंचला ओठांत धरून ओढतो. टोक असं निघतं की सुईच. फडक्याने म्हणे! ही खुबीही तू माझ्यापासून लपवलीस. मी मात्र आता शिकलो. गेरू सोडून बाजारातून सफेदा आणला, जवसाच्या तेलात कालवला, आणि गेले आठ-दहा दिवस तसंच करतो आहे. रमा समोर असली की करत नाही, कारण तिने एकदा पाहिलं आणि कुणाच्या शेपटीचे केस ते, म्हणून असा गिल्ला केला की शेजारच्या पार्बताबाई धावत आल्या. खारीचे म्हटल्यावर दोघी मिळून ओरडल्या. पण अक्षर बघ. शेपट्या कशा निमुळत्या आल्या आहेत, सोबतच्या कागदावर दिसेल.

दिवाळीला फार दिवस राहिले नाहीत. तुझ्याकडे काम आहे की नाही तेवढं एकदा स्पष्ट लिही, म्हणजे मी चिंतामणरावांना होकार कळवीन. थकवा आला आहे. नुसत्या हाताचा नाही.

हरिहर


तार. अकोला, ता. २२ सप्टेंबर

कुंचला तोंडात घालू नकोस. आतापासून. पत्र येत आहे. महादेव


अकोला, ता. २२ सप्टेंबर

हरी,

तार भेटली असन. आता हे पत्र बसून वाच, अन् वाचायच्या पह्यले चूळ भर.

सफेद्यात शिसं असते. मले हे डॉक्टरनं सांगितलं, तेही या उन्हाळ्यात, अन् मी कुंचला ओठात धरून राहिलो बावीस-तेवीस वर्ष. मले कोणी शिकवलं नाई ना, मी पडदेवाल्याचं पाहूनच उचललं, अन् तो असाच करे. टोक सुरेख निघते. मलेही वाटे, काय खुबी हाय! दर वर्षी पोटात कळा येत, मी म्हणो तिखट खाल्लं. हिरड्या काळ्यानिळ्या पडल्या, मी म्हणो तंबाखू. मंग एक दिवस बाजारात शिडीवर होतो. कुंचला उचलाले गेलो अन् मनगट वर येईना. बोटं हालतात, मूठ होते, पण पंजा खाली लोंबते. वांगं तोडलं नाई की देठाशी लोंबते, तसा. खालून लोक म्हणून राहिले, "महादेवराव, काय इचार करून राहिले?" मी म्हटलं, "रंग वाळू द्या."

जमुनेचं अक्षर मुनशीपणासाठी नाई, हरी. टाक धरवत नाई हे खरं, पण नुसतं संध्याकाळीच नाई, सकाळी पण नाई.

मंग कित्ता कुठून पाठवू? एक 'क' तू मांगितला. त्या रात्री मी जमुनेले म्हटलं, उजवा हात बांध काठीले. बांधला. काढला 'क'. तिनं पाह्यला अन् चुलीत घातला. (चुलीत घातला हे खरं आहे. – जमुना)

इथं कोणाले माहीत नाई. जुने बोर्ड हायत त्याच्यावर माह्यं नाव चालून राहिलं. नवं काम कोणी घेऊन आलं की सांगतो, हात गुंतलेला हाय, दिवाळीले या. अशे लय लोक दिवाळीले बोलावून ठेवले. तू पत्र लिवलं तवा मले देव पावल्यासारखं झालं, अन् म्हणूनच मी तुले खेकसून राहिलो. मले घाई होती. तुले शिकवायचं म्हणजे मले माह्या दुकानाचं दार उघडं ठेवायचं होतं. हे पह्यलेच सांगाले पाह्यजे होतं. पण हात गेला असं म्हटलं की माणूस पाहाले येते अन् दुसऱ्याच दुकानात जाते. तू दुसऱ्या दुकानात जाशीन असं नाई वाटलं. तरी जीभ उचलली नाई.

तुह्ये नवे कागद पाह्यले. शेपट्या चांगल्या हायत, पण तोंडानं काढलेल्या हायत. फडक्यानं काढ, जराशा जाड आल्या तर येऊ दे. अक्षर उभं राह्यलं, हरी. काम हाय. पण पह्यले तुह्यं पोट दुखते का, भूक लागते का, हे कळव.

महादेव


अमरावती, ता. २५ सप्टेंबर

महादेव,

पोट दुखत नाही. भूक लागते. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी जीभ पाहिली, हिरड्या पाहिल्या, दूध प्यायला सांगितलं आणि या वयात हे काय म्हणून विचारलं. रमा अजून रागात आहे, पण दुधाचा पेला तिनेच आणून ठेवला.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भांडी परत जागेवर लावू का?" मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब.

दसरा झाला की बडनेऱ्याहून गाडीने येतो. जमुनावहिनींना सांग, माझी चूल वेगळी मांडून ठेवा, त्यांना त्रास नको.

हरिहर


अकोला, ता. २९ ऑक्टोबर

सौ. रमेस आशीर्वाद.

मी बरा आहे. दूध रोज होतं, हात साबणाने धुवून घेतल्याशिवाय जमुनावहिनी ताटाजवळ बसू देत नाहीत. चूल वेगळी मांडली होती. काही दिवस हाताने भात केला. मग एका संध्याकाळी डेचकी उतरवताना दिवसभर थकलेला हात वर जाईना, भात करपला, आणि त्यांनी काही न विचारता त्यांच्या चुलीवरची भाकर माझ्यापुढे ठेवली. आता तेच चालू आहे. तू रागावू नकोस, आणि चिंतामणरावांना हे कळवू नकोस. त्यांना एवढंच लिही की दिवाळीला गाडी पाठवण्याची तसदी घेऊ नये.

आज पहिला बोर्ड झाला. गोवर्धन शेठ म्हणून सरकीचे मोठे अडते आहेत, त्यांच्या नव्या दुकानावर. सकाळी शिडी लावली. एकेक पायरी चाचपत वर चढलो. महादेव खाली खुर्चीवर बसला होता, उजवा हात उपरण्याखाली. बाजारातले लोक येता-जाता राम राम करत, तो डाव्या हाताने करी. पण त्याचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. मान खाली घालून तो माझा कुंचला ऐकत होता. मध्येच म्हणे, "रंग संपला, भर." मी बघतो तो खरंच कुंचला कोरडा. पुन्हा म्हणे, "घाई करून राहिलास." मी विचारलं, न पाहता कसं कळलं? म्हणाला, "पत्र्यावर खरखर वाजते. जमुना चिडली की बांगड्या वाजतात, तसं."

दुपारपर्यंत शब्द उभे राहिले. डोक्यावरच्या रेघा शेवटी घेतल्या. पाटीच्या कोपऱ्यात रंगाऱ्याने आपलं नाव घालायचं असतं. आमचं आधीच ठरलं होतं, तिथे 'महादेव पेंटर' घालायचं, म्हणजे कुणाला संशय नको. मला त्यात काही वाटलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाने लिहिलं, आणखी एक. मी 'म' काढला असेल नसेल, तोच शेठ आले.

शेठ म्हणाले, "महादेवराव, तुम्ही खाली काहून? अन् वर हे पंडितजी कोण चढवून ठेवले?"

महादेव हसला. तो पुष्कळ हसतो, पण हे हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, "शेठ, बसून बसून कंटाळा आला आता. खोटं बोलाले पण ताकत लागते." आणि उपरणं बाजूला करून त्याने हात पुढे धरला. पंजा खाली लोंबला. शेजारचा शेषराव विडीवाला दुकानातून उतरून पाहायला आला, चार माणसं जमली. शेठनी जवळ येऊन तो हात पाहिला आणि म्हणाले, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"अन् मले दिवाळीले या म्हणून सांगितलं?"

"सांगितलं. आले ना तुमी? बोर्ड पण झाला ना? वाचा."

शेठ रस्त्याच्या मध्यापर्यंत मागे गेले, एक गाडी त्यांच्यासाठी थांबली, आणि त्यांनी वाचलं. मी वर शिडीवर कुंचला धरून उभा. जन्मभर मी लिहिलेलं लोक माझ्या पाठीमागे वाचत आले. असं समोर, रस्त्यात, मी वर टांगलेला असताना कुणी वाचलं नव्हतं. शेठ परत आले. म्हणाले, "गोदामाच्या दारावर पण हेच पाह्यजे. यांनीच लिवायचं. अन् महादेवराव, तुमी खाली बसायचं. तुमी नसले तर हे पंडितजी शिडीवरून पडतील, पाय पाहा कसे लटपटून राहिले."

सगळे हसले. मीही हसलो, शिडी हलली.

मग महादेवने वर पाहिलं. म्हणाला, "हरी, तो 'म' पूस. तुह्यं नाव टाक."

मी म्हटलं, दुकान तुझं.

"हात तुह्या."

खालचे लोक ऐकत होते. असा वाद शिडीवरून घालता येत नाही. मी 'म' पुसला नाही. तसाच पुढे गेलो आणि दस्ताच्या शेवटी आम्ही जसं घालत असू तसं घातलं: 'महादेव पेंटर, हस्ते हरिहर.' अक्षर बारीक होतं, शेपटी जरा जाड आली.

खाली उतरलो. शेठ, विडीवाला, रस्त्यातले सगळे वर पाटीकडे पाहत होते. महादेव एकटा पाटीकडे पाहत नव्हता. तो माझ्या हाताकडे पाहत होता. बोटांना सफेदा लागला होता. हात लपवावा असं मनात आलं, पण मी तो तसाच त्याच्या समोर राहू दिला.

तुझा
हरिहर